मधल्या दिवसांसाठी मागणे

देवा, त्र्यंबकराजा,

श्रावणात नाशिकहून तुझ्या दर्शनाला निघालेली माणसे आमच्या दारावरून जातात. सातपूर ओलांडायचे, त्र्यंबकला पोचायचे, ब्रह्मगिरीला फेरी घालायची आणि पाय भरून आले तरी समाधानाने घरी परतायचे, हा इथला पिढ्यान् पिढ्यांचा रिवाज. निवृत्तिनाथांची पालखी पंढरीला निघाली की सातपूरला मुक्काम करते. या रस्त्याची तुला चांगली ओळख आहे. याच रस्त्याच्या आतल्या अंगाला अशोकनगर आहे, श्रमिकनगर आहे, शिवाजीनगर आहे, कंपन्यांच्या भोंग्यावर उठणारी आणि झोपणारी घरे आहेत. त्या घरांतून हे मागणे तुझ्याकडे येते आहे. इथे कुणी तुला विठ्ठल म्हणते, कुणी अल्ला म्हणते, कुणी बुद्धविहारात बसून नुसते डोळे मिटते. लेकरू गेल्याचे दुःख मात्र सगळ्यांचे एकच आहे.

२ ऑगस्ट २०२५, श्रावणातला शनिवार. अशोकनगर भागात एका खासगी क्लासच्या बाहेर दहावीत शिकणाऱ्या मुलाला मारहाण झाली. मारणारी दोन मुले त्याच्याच सोबत क्लासला बसणारी होती, तीही अल्पवयीन, असे पोलिसांनी सांगितले. काही दिवसांपूर्वी बाकावर बसण्यावरून त्यांच्यात वाद झाला होता. मुलगा तिथेच कोसळला. त्याला दवाखान्यात नेले, पण तो वाचला नाही. सोळा वर्षांचा होता. दुसऱ्या दिवशी ऑगस्टचा पहिला रविवार होता, मैत्री दिन. मुले एकमेकांच्या मनगटाला रंगीत पट्ट्या बांधतात तो दिवस. त्या रविवारी सातपूरच्या किती आयांनी आपल्या मुलांना घराबाहेर सोडले नसेल, ते तूच जाणतोस.

देवा, आधी त्या मुलासाठी मागतो. त्याचे नाव आम्ही इथे घेत नाही, कारण ते त्याच्या आईवडिलांचे आहे, आणि तुला ते ठाऊक आहे. त्याला तुझ्याजवळ जागा दे. ज्या बसण्याच्या जागेवरून इथे एवढे झाले, ती जागा त्याला तुझ्यापाशी कुणालाही न विचारता मिळू दे. त्याची दहावी राहिली, पावसाळ्यातली सुट्टी राहिली, मिसरूड फुटायचे राहिले, आईवर एकदा मोठ्याने चिडून मग तिच्याच हातचे जेवायचे राहिले. जे राहिले ते आम्हाला भरून देता येणार नाही. त्याची आठवण फक्त एका बातमीपुरती उरू नये, एवढे कर. तो कोणत्या गोष्टीला खळखळून हसायचा, कोणता विषय त्याला नको वाटायचा, हे त्याच्या मित्रांनी एकमेकांना सांगत राहावे. गेलेला मुलगा कसा गेला हेच सगळ्यांना माहीत असते आणि तो कसा होता हे कुणालाच आठवत नाही, अशी वेळ त्याच्या वाट्याला येऊ देऊ नकोस.

त्याच्या आईवडिलांसाठी मागतो. सातपूरचे घर म्हणजे काय असते, तुला सांगायला नको. साठच्या दशकात इथे औद्योगिक वसाहत उभी राहिली आणि खानदेशातून, मराठवाड्यातून, आसपासच्या तालुक्यांतून माणसे आली. कुणी कायम झाले, पुष्कळ जण कंत्राटावरच राहिले. एका खोलीच्या दोन खोल्या व्हायला आयुष्य गेले. या सगळ्या कष्टाचा हिशेब इथल्या घरात एकाच वाक्याने पुरा होतो : पोरगं शिकलं पाहिजे. त्यासाठी ओव्हरटाइम होतो, त्यासाठी भिशी लागते, त्यासाठी आई दुपारी पॅकिंगच्या कामाला जाते, आणि त्यासाठीच शाळा सुटल्यावर पुन्हा क्लासची फी भरली जाते. ज्या वाटेने पोराला वर न्यायचे, त्याच वाटेवर पोरगा गेला, हे दुःख कोणत्या शब्दांनी हलके करायचे ते आम्हाला येत नाही. म्हणून शब्द मागत नाही. आम्हाला त्यांच्या दारात जात राहण्याची सवय दे. दहाव्या-तेराव्याला मांडव भरतो आणि महिन्याभराने ओटा रिकामा होतो. सहाव्या महिन्यात, दहावीच्या परीक्षेच्या दिवसांत, निकालाच्या दिवशी, पुढल्या श्रावणात कुणीतरी त्यांच्या घरी जाऊन चहाला बसेल, असे कर. न्यायालयाच्या तारखांना ते एकटे उभे राहू नयेत, असे कर.

आणि आता, देवा, ज्यासाठी खरे तर तुझ्यापुढे आलो ते मागतो.

वाद झाला तो एका दिवशी आणि मार बसला तो नंतरच्या एका दिवशी. मध्ये काही दिवस होते. त्या मधल्या दिवसांत सूर्य नेहमीसारखा उगवला, भोंगे वाजले, क्लास भरले आणि सुटले. आमची मुले अशा दिवसांना काय म्हणतात ते आम्ही ऐकलेले आहे. 'मॅटर झालाय.' 'खुन्नस देतो.' 'सुटल्यावर बघून घेतो.' हे शब्द पाण्याच्या टाकीपाशी, सायकल स्टँडवर, मोबाइलच्या ग्रुपवर रोज फिरतात. आणि मोठ्यांचे उत्तरही ठरलेले असते : 'पोरांची भांडणं आहेत, मिटतील आपोआप.' बहुतेक वेळा ती मिटतातही. म्हणूनच जे मिटणार नाही ते ओळखता येत नाही. देवा, आम्हाला मधले दिवस दाखव. वाद आणि मार यांच्यामध्ये जो वेळ असतो, तो आमच्या हातात दिलेला असतो. त्या वेळात एखाद्या मोठ्या माणसाने दोघांना समोरासमोर बसवून 'काय झालं रे?' एवढे विचारले, तर पुष्कळ काही वाचू शकते.

हे फक्त आमच्या गल्लीचे मागणे नाही. अमेरिकेत कोलोरॅडो राज्यातल्या कोलंबाइन हायस्कूलमध्ये २० एप्रिल १९९९ रोजी दोन विद्यार्थ्यांनी बारा मुलांना आणि एका शिक्षकाला गोळ्या घालून मारले. त्यानंतर तिथल्या सीक्रेट सर्व्हिसने आणि शिक्षण खात्याने मिळून १९७४ ते २००० या काळातल्या अशा ३७ घटना तपासल्या. दहांतल्या आठ घटनांमध्ये हल्ल्याच्या आधी किमान एका माणसाला तरी त्याची कुणकुण होती, आणि ते माहीत असणारे बहुतेक वेळा मित्र, वर्गातली मुले किंवा भावंडे होती. पुष्कळ हल्लेखोरांना स्वतःला आधी छळ सोसावा लागला होता. देवा, इतक्या दूरचे, बंदुकांनी भरलेले जग आणि आमचे सातपूर यांच्यात फार अंतर आहे. पण मधले दिवस दोन्हीकडे होते, आणि दोन्हीकडे मोठी माणसे आपापल्या कामाला गेलेली होती.

म्हणून, ज्यांना माहीत असते त्या मुलांसाठी मागतो. 'सांगितलं तर मी चहाडखोर ठरेन', 'मलाच मारतील', 'सर माझंच नाव घेऊन सगळ्यांसमोर विचारतील', या तीन भीतींनी मुलांची तोंडे बंद होतात. त्यांना धीर दे. आणि ज्याच्याकडे ते सांगायला येतील त्याला शहाणपण दे, की सांगणाऱ्याचे नाव त्याच्या तोंडून कधी बाहेर पडू नये. त्या शनिवारी आमच्या क्लासबाहेर जी मुले उभी होती, ज्यांनी पाहिले, जी ओरडली किंवा ज्यांच्या तोंडून आवाजच फुटला नाही, त्यांच्यासाठीही मागतो. ती आज दचकून उठत असतील. 'मी मध्ये पडलो असतो तर' हा प्रश्न पंधरा वर्षांच्या मुलाने एकट्याने वाहू नये. त्याच्या शेजारी बसून, तो प्रश्न त्याच्याकडून काढून घेणारे एखादे माणूस त्याला भेटू दे. रात्री-अपरात्री कुणाशी बोलावेसे वाटले तर १०९८ वर मुलांसाठी आणि १४४१६ वर मनाच्या आजारांसाठी कुणीतरी फोन उचलायला बसलेले असते, हे त्याला कुणीतरी सांगू दे, आणि फोनच्या पलीकडच्या आवाजाला माया दे.

देवा, आता जे मागायला जीभ अडखळते ते मागतो. ज्या दोन मुलांवर आरोप आहे, त्यांच्यासाठी.

त्यांच्या हातून जे घडले त्याची शिक्षा कायदा ठरवील आणि ती ठरवायलाच हवी. सोळा वर्षांच्या जिवाचे मोल कमी करून आम्हाला दया दाखवायची नाही. पण तीही आमचीच लेकरे आहेत. त्यांच्या आयाही आमच्याच नळावर पाणी भरायला येतात, आणि आता कदाचित येत नसतील. जन्म दिलेल्या मुलाने दुसऱ्याचा मुलगा नेला, हे ऐकून जी बाई कोसळली तिला शेजाऱ्यांनी दार उघडले पाहिजे. नाशिकच्या उंटवाडीतल्या निरीक्षणगृहात आणि देशभरातल्या अशा घरांत जी मुले आज बाल न्याय मंडळाच्या तारखेची वाट पाहत आहेत, त्यांना आपण काय केले ते पुरते कळू दे. कळण्याआधी सुटका नको, आणि कळल्यानंतर अंधारही नको. पश्चात्ताप त्यांना चिरडून टाकण्याऐवजी वळवून आणू दे. तिथल्या अधीक्षकाला, समुपदेशकाला, शिक्षकाला एवढे बळ दे, की एखाद्या मुलाला गुन्हेगारीची दुसरी शाळा तिथेच सापडू नये. कायद्याने अशा मुलांची नावे छापायला मनाई केली आहे. ती मनाई आमच्या मोबाइलनाही लागू होऊ दे.

तुझ्या दारी, त्र्यंबकला, निवृत्तिनाथांची समाधी आहे. त्यांच्या घरातल्या भावंडांनीही लहानपणी जगाचा छळ सोसला होता. लोकांच्या बोलण्याने दुखावलेल्या ज्ञानेश्वरांनी एकदा झोपडीची ताटी लावून घेतली, आणि धाकटी मुक्ताई बाहेर उभी राहून त्यांना समजावत राहिली. तिचे ताटीचे अभंग आमच्या आज्या अजून म्हणतात. त्या घरात रागावलेला मोठा भाऊ होता आणि त्याच्या दाराशी थांबलेली लहान बहीण होती. तिने त्याला एकट्याला रागाबरोबर सोडले नाही. देवा, आमच्या मुलांच्या रागालाही दाराशी थांबणारे कुणीतरी दे. राग येणारच. अपमान झाला की सोळाव्या वर्षी तो आभाळाएवढा वाटतो. सगळ्यांसमोर कुणी बाकावरून उठवले, कुणी हसले, कुणी व्हिडिओ काढून ग्रुपवर टाकला, की मुलाला वाटते आपण उरलोच नाही. त्या वेळी आईने विचारले की मुलगा 'काही नाही' म्हणतो आणि दार लोटून घेतो. ते 'काही नाही' ऐकून आम्ही परत वळतो. आम्हाला परत न वळण्याची चिकाटी दे.

आणि मुलाला राग गिळायला न शिकवता बोलायला शिकवण्याची अक्कल दे. आमच्याकडे मुलगा रडला की 'पोरीसारखा काय रडतोस' म्हणतात, आणि मारून आला की 'मारलंस का मार खाल्लास?' असे विचारतात. मार खाऊन आलेल्याला घरात लाज वाटते आणि मारून आलेल्याला अभिमान वाटतो. ही रीत मोडायचे धैर्य दे. 'भाई' म्हणवून घेणाऱ्याच्या वाढदिवसाचा फलक चौकात लागतो, त्याच्या गाडीमागे पोरे धावतात, कोयता हातात घेतलेले रील फिरते. नाशिकच्या पोलिसांनी अशा पुष्कळांना पकडून त्यांच्याकडून 'नाशिक जिल्हा, कायद्याचा बालेकिल्ला' असे म्हणवून घेतले. घोषणा चौकात ऐकू गेली. आता तो बालेकिल्ला घरात, वर्गात आणि मैदानावरही उभा राहू दे, जिथे मुलाला दहशतीवाचून मान मिळेल.

देवा, आमच्या दुःखाचे वैर होऊ देऊ नकोस. राजस्थानात उदयपूरला ऑगस्ट २०२४ मध्ये दहावीतला एक मुलगा वर्गातल्याच मुलाच्या चाकूने जखमी झाला आणि पुढे दगावला. शहरात जाळपोळ झाली, इंटरनेट बंद करावे लागले, दोन मुलांचे भांडण दोन धर्मांचे होऊन बसले. ऑगस्ट २०२५ मध्ये, आमचा मुलगा गेला त्याच महिन्यात, अहमदाबादला आठवीतल्या मुलाने केलेल्या हल्ल्यात दहावीतला मुलगा गेला आणि जमावाने शाळेची तोडफोड केली. त्याच आठवड्यात उत्तराखंडातल्या काशीपूरला नववीतल्या मुलाने डब्यातून आणलेल्या कट्ट्याने शिक्षकावर गोळी झाडली. रागाच्या भरात बाकडी फोडून कुणाचाही मुलगा परत येत नाही. उलट, मोठ्यांनीही हेच केले हे पाहून लहानगी मुले शिकतात. आम्हाला न्याय मागण्याची ताकद दे, आणि जातीधर्माचे नाव घेऊन न्याय मागायला येणाऱ्यापासून राख.

बंदुकीपासून आम्ही दूर आहोत, असे म्हणून आम्हाला निवांत बसू देऊ नकोस. ११ डिसेंबर २००७ रोजी गुरगावच्या एका शाळेत आठवीतल्या दोन मुलांनी आपल्याच शाळेतल्या एका मुलाला गोळ्या घालून मारले. पिस्तूल त्यांच्यातल्या एकाच्या वडिलांचे होते, घरातून आणलेले. तेव्हा सगळा देश म्हणाला, हे आपल्याकडे कसे? बापाच्या कपाटात शस्त्र आणि मुलाच्या मनात राग, अशी दोन्ही एका घरात असली की काय होते ते तेव्हा कळले. ज्यांच्या घरी परवान्याचे किंवा बिनपरवान्याचे हत्यार आहे, त्यांना कुलूप लावायची आणि त्याहून आधी हत्यार घरात न ठेवायची बुद्धी दे.

जगातल्या त्या सगळ्या शाळांसाठी मागतो जिथे घंटेऐवजी गोळीचा आवाज ऐकू आला. पेशावरच्या आर्मी पब्लिक स्कूलसाठी, जिथे १६ डिसेंबर २०१४ रोजी दहशतवाद्यांनी १३०हून अधिक मुले मारली. त्या दिवशी सीमेच्या अलीकडच्या आयाही रडल्या होत्या, ते रडणे खरे होते. अमेरिकेतल्या सँडी हूकसाठी, जिथे १४ डिसेंबर २०१२ रोजी सहा-सात वर्षांची २० मुले आणि ६ मोठी माणसे गेली. टेक्ससमधल्या उवाल्डीसाठी, जिथे २४ मे २०२२ रोजी १९ मुले आणि २ शिक्षिका गेल्या आणि पोलीस तासाहून अधिक वेळ व्हरांड्यात थांबले. आमच्या नाशिकची, पुण्याची, जळगावची किती मुले आज त्या देशात नोकरीला आहेत. त्यांची लेकरे तिथल्या शाळांत दिवे मालवून, भिंतीला टेकून, आवाज न करता बसायचा सराव करतात. इकडे व्हिडिओ कॉलवर नात सहज सांगते, 'आजी, आज आम्ही लपायची प्रॅक्टिस केली', आणि आजीला त्यावर काय बोलावे ते सुचत नाही. त्या नातीला राख. तिच्या आईच्या, शाळेच्या फाटकाशी रोज थबकणाऱ्या पावलांना बळ दे. ज्यांच्या हातात तिथले कायदे आहेत त्यांच्या मनात लेकरांना शस्त्रांपेक्षा मोठी जागा दे.

आणि देवा, त्याच देशातले एक उदाहरण आमच्यापुढे ठेव. २ ऑक्टोबर २००६, आपल्याकडे गांधी जयंती. पेन्सिल्व्हेनियातल्या निकेल माइन्स गावात आमिश पंथाच्या लोकांची एका खोलीची शाळा होती. एका माणसाने तिथे शिरून पाच मुलींना मारले आणि स्वतःलाही संपवले. ज्यांच्या मुली गेल्या, त्या समाजाची माणसे त्या मारेकऱ्याच्या बायकोमुलांच्या घरी गेली. त्याच्या अंत्यविधीलाही गेली. शाळेची ती इमारत त्यांनी पाडली आणि जवळच नवी शाळा बांधली, तिचे नाव आशेवरून ठेवले. एवढे मोठे मन आमच्याजवळ आज नाही. ते मन आम्ही कुणावर, विशेषतः त्या आईवडिलांवर, लादू इच्छित नाही. क्षमा करायची की नाही, केव्हा करायची, हा फक्त त्यांचा हक्क आहे. आम्ही शेजारी म्हणून एवढेच मागतो, की दोन्हीकडच्या घरांकडे जायची वाट आमच्या पायांनी बंद पडू नये.

शिक्षकांसाठी मागतो. एका वर्गात साठ मुले, त्यात जनगणना, निवडणूक, पोर्टलवर भरायची माहिती. त्यातूनही ज्या बाई मागच्या बाकावरच्या गप्प झालेल्या मुलाला ओळखतात, त्यांचे डोळे शाबूत ठेव. बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर अत्याचार झाल्यानंतर, ऑगस्ट २०२४ मध्ये, सरकारने शाळांत तक्रारपेटी, कॅमेरे, समित्या यांचे आदेश काढले. तक्रारपेटीची किल्ली कुणाकडे आहे हे शिपायाला आठवत नाही, अशी वेळ आणू नकोस. क्लासवाल्यांसाठीही मागतो. त्यांतले बहुतेक आमच्यातलेच, नोकरी न मिळालेले शिकलेले तरुण, भाड्याच्या गाळ्यात फळा लावून बसलेले. केंद्र सरकारने जानेवारी २०२४ मध्ये कोचिंग क्लासांसाठी सूचना काढल्या, सोळा वर्षांखालच्या मुलांना घेऊ नका, समुपदेशनाची सोय ठेवा, असे सांगितले. कागदावरचे शहाणपण गाळ्यापर्यंत यायला वेळ लागतो. तोवर त्यांना एवढे सुचू दे, की शिकवणी सुटल्यावरची दहा मिनिटेही शिकवणीचाच भाग आहेत. मुले जिन्यावरून उतरून रस्त्याला लागेपर्यंत एक मोठे माणूस खाली उभे असावे. बाकांची जागा दर आठवड्याला बदलावी, म्हणजे पुढचा बाक कुणाच्या मालकीचा होणार नाही.

पोलिसांना सत्य शोधायची शांती दे. न्यायाधीशांना उशीर न करण्याची घाई आणि घाई न करण्याचा विवेक, दोन्ही दे. त्या दिवशी ज्या डॉक्टरांनी आणि परिचारिकांनी एका मुलाला वाचवायची खटपट केली आणि मग बाहेर येऊन त्याच्या माणसांना सांगितले, त्यांच्या जिवाला थोडी विश्रांती दे.

आणि शेवटी आमच्यासाठी, सातपूरच्या आयाबापांसाठी. दुसरी पाळी सुटून घरी यायला आम्हाला बारा वाजतात. मुले झोपलेली असतात. आमची माया डब्यात, फीच्या पावतीत आणि पाठीवरून हात फिरवण्यात असते, बोलण्यात नसते. देवा, आम्हाला अर्धा तास दे, तोही रोज नको, सुट्टीच्या दिवशी दे. त्या अर्ध्या तासात मार्क किती पडले हे विचारायच्या आधी आम्ही विचारू, कुणाशी बोलत नाहीस सध्या? कोण त्रास देतो? तू कुणाला त्रास देतोस का? हा तिसरा प्रश्न विचारायला फार जड जातो, म्हणून तो विचारायचे बळ वेगळे मागतो. आणि मुलाने खरे उत्तर दिले तर हात न उगारता ऐकून घ्यायचे बळ त्याहून वेगळे मागतो. आम्ही ज्याच्या घरी जायचे त्याच्या घरी त्याच संध्याकाळी जाऊ, दुसऱ्या मुलाच्या बापाशी हात जोडून बोलू, दोघांना एका ताटात जेवायला बसवू. चार दिवस थांबणार नाही.

गल्लीतल्या मंडळांना वर्गणीच्या निम्मी तरी ताकद मुलांच्या खेळण्यासाठी लावायची बुद्धी दे. संध्याकाळी मैदानावर एक शिट्टी हातात घेतलेला माणूस दे, जो हरलेल्या मुलाला हात धरून जिंकलेल्या मुलाजवळ नेईल. हरणे म्हणजे मान जाणे नव्हे, हे शरीराने शिकले की ते विसरत नाही.

देवा, या वर्षीही क्लास भरतील. दहावीची मुले पहाटे उठून, डोळे चोळत, पाठीवर दप्तर घेऊन निघतील. कुणीतरी कुणाच्या जागेवर बसेल, कुणीतरी कुणाला हसेल, कुणाचा तरी चेहरा लाल होईल. हे तू थांबवावेस असे मागत नाही, मुले मोठी होतात ती अशीच. तिथपासून पुढचे दिवस आम्हाला दे, आणि ते दिवस वाया न घालवण्याची शुद्ध दे. आमच्या हाताशी असेल तेवढे आम्ही करू. जे आमच्या हाताबाहेर जाईल, तिथे तू उभा राहा.